जॉर्ज शुल्ट्झ : कामगार-अर्थशास्त्रज्ञ मंत्री होतो तेव्हा

मांडवीकाठ (पणजी)

जॉर्ज शुल्ट्झ म्हटलं की आपल्याला रेगन, गोर्बाचेव्ह आणि १९८७ चा क्षेपणास्त्र करार आठवतो. ते अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री होते खरे, पण ते त्यांचं चौथं पद. त्याआधी ते कामगारमंत्री होते, मग व्यवस्थापन व अर्थसंकल्प कार्यालयाचे पहिले संचालक, मग अर्थमंत्री. आणि या सगळ्याच्या आधी जवळपास वीस वर्षं कामगार-अर्थशास्त्र शिकवणारे, कामगार-मालक तंट्यांत मध्यस्थ म्हणून बसणारे प्राध्यापक. धागा काढतोय तो या वीस वर्षांसाठी. माझं म्हणणं असं की मंत्री म्हणून त्यांनी जे चांगलं केलं ते इथेच शिकलेलं होतं, आणि जिथे घसरले तिथे हा धडा सोडून वागले.

जन्म न्यूयॉर्कचा, १९२० चा. प्रिन्स्टनमधून १९४२ ला पदवी, लगेच मरीन दलातून पॅसिफिकच्या लढाईत. परतल्यावर एमआयटीतून १९४९ मध्ये औद्योगिक अर्थशास्त्रात डॉक्टरेट आणि तिथेच नोकरी. १९५५ मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या आर्थिक सल्लागार मंडळात, १९५७ मध्ये शिकागो विद्यापीठात, १९६२ पासून तिथल्या व्यवस्थापन शाखेचे डीन.

शिकागोत असताना ते एका कामात पडले आणि मला ते त्यांच्या साऱ्या मंत्रिपदांपेक्षा मोलाचं वाटतं. आर्मर ही मांसप्रक्रिया करणारी मोठी कंपनी. नवी यंत्रं आली, जुने कारखाने परवडेनासे झाले, एकामागून एक बंद होऊ लागले. १९५९ च्या करारात कंपनी आणि दोन कामगार संघटना यांनी कंपनीच्या पैशातून पाच लाख डॉलरचा निधी ठरवला आणि एक समिती नेमली. कंपनीचे लोक, संघटनांचे लोक आणि तटस्थ माणसं. या तटस्थांमध्ये पुढे शुल्ट्झ आले. काम एकच : कारखाना बंद पडल्यावर माणसांचं काय करायचं ते शोधणं, नुसता अहवाल न लिहिता करून बघणं.

ओक्लाहोमा सिटीचा कारखाना १९६० मध्ये बंद झाला. समितीने कामगारांना सांगितलं, चाचणी द्या, कल बघू, नवं काम शिकवू. १७० जणांनी चाचणी दिली. त्यातल्या फक्त ६० जणांना शिकवून उपयोग होईल असं ठरलं. बाकीच्यांना काय सांगितलं? तुमच्यासाठी आता मिळेल ती मजुरी. वीस-वीस वर्षं सुरी चालवलेले, मांस कापण्यात हात बसलेले हे लोक. त्यांना बाकावर बसवून हातात पेन्सिल दिली आणि कागदावरच्या आकृत्यांवरून त्यांचं पुढचं आयुष्य ठरवलं.

समितीने हे झाकलं नाही. प्रशिक्षण हा शब्द उच्चारला की प्रश्न सुटत नाही, हे त्यांनी स्वतःच्या प्रयोगातून लिहून ठेवलं. पुढच्या करारांत म्हणून वेगळ्या गोष्टी आल्या : बंद करण्याआधी ९० दिवसांची सूचना, दुसऱ्या कारखान्यात बदलीचा हक्क, मधल्या काळात पैसे. या सगळ्यावर शुल्ट्झ आणि अर्नोल्ड वेबर यांनी १९६६ मध्ये पुस्तक लिहिलं. १९६९ मध्ये शुल्ट्झ कामगारमंत्री झाले तेव्हा याच वेबरना त्यांनी मनुष्यबळाचं काम बघायला खात्यात आणलं.

मंत्री झाले त्या दिवशी पूर्व किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांचा संप टेबलावर होता. आधीच्या जॉन्सन सरकारने टाफ्ट-हार्टले कायद्याखाली संपाला ८० दिवसांची स्थगिती मिळवली होती. मुदत संपली आणि डिसेंबर १९६८ मध्ये संप पुन्हा सुरू झाला. 'राष्ट्रीय आणीबाणी आहे, सरकारने मध्ये पडावं' अशी ओरड सगळीकडून होत होती. शुल्ट्झ प्राध्यापक असताना लिहीत आलेले की ही आणीबाणी फुगवून सांगितली जाते आणि सरकार येणार असं दिसलं की दोन्ही बाजू वाटाघाटी सोडून वॉशिंग्टनकडे डोळे लावून बसतात. तेच त्यांनी नवे अध्यक्ष निक्सन यांना सांगितलं : थोडा आरडाओरडा सहन करा, हा त्यांचा तंटा आहे, तेच मिटवतील. फेब्रुवारीत न्यूयॉर्कचा करार झाला, बाकीची बंदरं मागून आली.

याचा अर्थ ते नुसते हात बांधून बसणारे होते असा मात्र नाही. त्याच वर्षी फिलाडेल्फियातल्या बांधकाम कामगार संघटनांवर त्यांनी जो हात टाकला तो तोवर एवढ्या जोराने कोणी टाकला नव्हता. प्लंबर, वीजकाम, पत्रेकाम, लोखंडकाम अशा चांगल्या पगाराच्या कामांत काळ्या कामगाराला संघटना आतच घेत नव्हत्या. शुल्ट्झ यांचे सहायक मंत्री आर्थर फ्लेचर यांनी जून १९६९ मध्ये आदेश काढला : सरकारी पैशाचं मोठं बांधकाम हवं असेल तर ठेकेदाराने किती अल्पसंख्य कामगार घेणार ते आधी टक्क्यांत लिहून द्यायचं. महालेखापालांनी ते बेकायदा म्हटलं, सिनेटमध्ये ते पाडायचा प्रयत्न झाला. हा कोटा आहे, असा आक्षेप आला तेव्हा शुल्ट्झ यांचं उत्तर असं होतं की कोटा तर आधीपासूनच होता, शून्याचा. १९७१ मध्ये अपील न्यायालयाने योजना उचलून धरली.

संपात सरकार बाहेर आणि भरतीत सरकार आत, यात मला विसंगती दिसत नाही. संपाच्या टेबलावर दोघांनाही खुर्ची असते. फिलाडेल्फियात तिसऱ्याला खोलीतच येऊ देत नव्हते.

आता तुम्हा सगळ्यांना विचारतो. आपण गोव्यात बंदर पाहिलं, खाणी पाहिल्या, त्या बंद पडलेल्याही पाहिल्या. असा माणूस आपल्या व्यवस्थेत मंत्रिपदापर्यंत का पोचत नाही? आणि पोचला तर काय करू शकेल?

दर्यावर्दी (वास्को)

मांडवीकाठबाब, लेख मनापासून आवडला. माझं घराणंच बंदरातलं, त्यामुळे गोदीच्या संपाबद्दल लिहितो, कारण तिथे एक महत्त्वाची गोष्ट राहिली.

न्यूयॉर्कचा तो तंटा निव्वळ पगाराचा नव्हता. कंटेनर आला होता. जे जहाज रिकामं करायला माणसांची टोळी कित्येक दिवस राबायची ते आता क्रेनवर झटपट होणार होतं. कामगारांनी यंत्र अडवलं नाही, त्याची किंमत मागितली. १९६४ च्या करारात टोळीतली माणसं २० वरून १७ पर्यंत उतरवायला संघटना कबूल झाली आणि बदल्यात वर्षाला १,६०० तासांच्या पगाराची हमी घेतली, काम असो वा नसो. १९६८-६९ च्या करारात ती २,०८० तासांवर गेली. म्हणजे पूर्ण वर्षाचा पगार. शुल्ट्झ 'त्यांनाच मिटवू द्या' म्हणू शकले, कारण समोर हे घडवून आणण्याची ताकद असलेली संघटना होती.

आपल्याकडे १९४८ चा गोदी कामगार कायदा आला आणि नोंदणी झालेल्या गोदी कामगाराला, काम नसलं तरी हजेरीचे पैसे मिळू लागले. त्याआधी रोज सकाळी फाटकापाशी उभं राहायचं, मुकादम बोट दाखवेल तो आत. मुरगावात १९७९ ला यांत्रिक खनिज हाताळणीचा प्रकल्प सुरू झाला. नोंदणीकृत कामगाराला कायद्याचं छप्पर होतं म्हणून तो तरला. पण त्याच बंदराच्या भरवशावर जगणारे कंत्राटी हमाल, बार्जवरचे खलाशी, दुरुस्तीच्या कामावरचे वेल्डर, यांच्यासाठी कुठला करार आणि कुठलं टेबल? त्यांना 'तुमचं तुम्ही मिटवा' म्हणणं म्हणजे दुबळ्याला वाऱ्यावर सोडणं. शुल्ट्झना हे फिलाडेल्फियात कळलं होतं, हे तुम्ही शेवटी लिहिलंत ते बरं केलंत.

कुळागर

वाचतोय. माहितीपूर्ण धागा.

आबोली_डिचोली

मी मुद्दाम खाते उघडून लिहितेय, एरवी नुसती वाचक.

ओक्लाहोमाच्या १७० माणसांचं वाचून थांबले. आमच्याकडे २०१२ च्या सप्टेंबरात सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. २०१४ ला बंदी उठली, जरा धुगधुगी आली, आणि ७ फेब्रुवारी २०१८ ला न्यायालयाने ८८ लीजचं नूतनीकरण रद्द केलं. मार्चच्या मध्यापासून पुन्हा शुकशुकाट. निकालाच्या कारणांशी माझं भांडण नाही. त्या डोंगरांचं काय झालं ते आम्ही रोज बघतो, विहिरींचं पाणी कुठे गेलं तेही. पण माणसांना किती दिवस मिळाले? निकाल आणि बंद यांत जेमतेम पाच आठवडे.

माझ्या भावाचा ट्रक होता, कर्जावर घेतलेला. खनिज वाहून वाहून त्याची पाठच वाकलेली, पत्रा लाल झालेला, तो लाल रंग कितीही धुतला तरी जात नाही. अंगणात विटांवर चढवून ठेवला, टायर विकले. खनिज वाहतुकीचा ट्रक दुसऱ्या कामाला फारसा चालत नाही, बांधा वेगळा असतो. सरकारने ट्रकमालकांना मदत दिली, ती आम्हालाही मिळाली, ते नाकारणार नाही. पण मदत म्हणजे काम नव्हे. नवरा एका खाण कंपनीत मशीन चालवायचा. त्यांच्यासाठी एका संस्थेने प्रशिक्षण ठेवलं, हॉटेलातल्या कामाचं. ज्या माणसाने उभं आयुष्य एक्स्कॅव्हेटरवर काढलं त्याला टेबलावर काटे-चमचे कसे मांडायचे ते शिकवत होते. तो दोन्ही दिवस गप्प बसून आला. प्रमाणपत्र मिळालं, ते कपाटात आहे.

त्या अमेरिकन समितीने निदान लिहून ठेवलं की हे जमलं नाही. आमच्याकडे किती जणांनी प्रशिक्षण घेतलं ते सांगतात, किती जणांना त्यातून काम मिळालं ते कुणी विचारतच नाही.

मांडवीकाठ

आबोलीताई, तुम्ही लिहिलंत म्हणून हा धागा काढल्याचं चीज झालं. आर्मरच्या समितीने जे पहिलं सांगितलं तेच तुम्ही सांगताय : शिकवण्याआधी विचारा, या गावाच्या पंचक्रोशीत काम कोणतं आहे? काम नसेल तर वर्ग भरवून उपयोग नाही. आणि दुसरं, पन्नाशीचा माणूस आणि पंचविशीचा माणूस यांना एकाच वर्गात बसवू नका. पंचविशीच्याला नवं काम लागतं, पन्नाशीच्याला निवृत्तीपर्यंतचा पूल लागतो.

जुनी_पेठ (म्हापसा)

'असा माणूस आपल्या व्यवस्थेत का पोचत नाही' या प्रश्नावर आक्षेप नोंदवतो. पोचला होता. त्याचं नाव भीमराव रामजी आंबेडकर.

बाबासाहेबांना आपण राज्यघटनेत बसवून ठेवलं आणि त्यांच्यातला अर्थशास्त्रज्ञ विसरलो. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची डी.एससी., कोलंबियाची डॉक्टरेट, १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष. मुंबईच्या चाळींत गिरणी कामगारांमध्ये वावरलेला माणूस. १९४२ च्या जुलैत ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि १९४६ पर्यंत होते. कारखान्यात आठवड्याचे ५४ तास होते, ते १९४६ च्या दुरुस्तीने ४८ झाले. कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधी १९४४ मध्ये आला. सरकार, मालक, कामगार अशा तिघांना एका टेबलाशी बसवायची जी पद्धत आज आपण गृहीत धरतो तिची घडी याच वर्षांत बसली. रोजगार विनिमय केंद्रंही याच काळातली, युद्धातून परतणाऱ्या सैनिकांना काम लावून द्यायला सुरू झालेली.

आणि याचा गोव्याशी थेट धागा आहे. कोळशापासून सुरू झालेली कल्याण निधीची ही कल्पना पुढे लोहखनिजाला लागू झाली, १९६१ चा उपकर कायदा आला. मुक्तीनंतर तो इथे पोचला आणि उसगावच्या तिस्कावरचं खाण कामगारांचं रुग्णालय त्यातूनच चाललं. डिचोली-सत्तरीतल्या कितीतरी बायका तिथे बाळंत झाल्यात.

शुल्ट्झ थोर असतील. पण मराठी माणसाने या विषयावर बोलताना सुरुवात शिकागोपासून करायची गरज नाही.

मांडवीकाठ

जुनी_पेठ, मान्य, आणि लेखात हे यायलाच हवं होतं असं म्हणाल तर तेही रास्त. फक्त एक फरक नोंदवतो, दोघांना लहान-मोठं ठरवायला नव्हे. बाबासाहेबांनी कायदा आणि संस्था उभ्या केल्या, कारण तोवर टेबलच नव्हतं. शुल्ट्झ यांना टेबल तयार मिळालं, त्यांचं कौशल्य ते मोडू न देण्यात होतं. आपल्याला आज दोन्ही लागेल.

खाजन

मी अर्थशास्त्र शिकवतो, थोडी कडू बाजू मांडतो. इथे शुल्ट्झ यांचं कौतुक जरा एकतर्फी होतंय.

१५ ऑगस्ट १९७१. निक्सननी डॉलर-सोन्याची सांगड तोडली आणि त्याच भाषणात किंमती आणि पगार ९० दिवसांसाठी गोठवले. आधीचे दोन दिवस कॅम्प डेव्हिडला खल झाला, त्यात शुल्ट्झ हजर होते. पगार-किंमत नियंत्रण त्यांना तत्त्वतः अमान्य. जो माणूस आयुष्यभर म्हणत आला की पगार टेबलावर ठरू द्या, त्याच्या डोळ्यांसमोर देशातल्या प्रत्येकाचा पगार एका फटक्यात सरकारने ठरवला, आणि तो पदावर राहिला. एवढंच नव्हे तर जून १९७२ मध्ये अर्थमंत्री झाल्यावर ही नियंत्रणं त्यांच्याच गळ्यात पडली. १९७३ च्या उन्हाळ्यात किंमती पुन्हा गोठवल्या तेव्हा शेतकऱ्यांनी गुरं बाजारात आणणं थांबवलं, दुकानांतून गोमांस गायब झालं. नियंत्रणं संपली एप्रिल १९७४ मध्ये आणि महागाई उसळून वर आली.

आता तुलना करा. चिंतामणराव देशमुख १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडून मोकळे झाले. व्ही. व्ही. गिरी कामगारमंत्री होते, बँक कर्मचाऱ्यांच्या निवाड्यात सरकारने ढवळाढवळ केली म्हणून १९५४ मध्ये राजीनामा दिला. आणि अमेरिकेतच शुल्ट्झ यांच्या तोडीचे कामगार-अर्थशास्त्रज्ञ होते जॉन डनलॉप, हार्वर्डचे. १९७५ मध्ये अध्यक्ष फोर्ड यांचे कामगारमंत्री झाले. बांधकाम कामगारांच्या निदर्शनांविषयीचं एक विधेयक त्यांनी दोन्ही बाजूंशी बोलून, अध्यक्षांचा शब्द घेऊन पुढे नेलं. फोर्डनी जानेवारी १९७६ मध्ये ते नाकारलं. डनलॉप त्याच महिन्यात पायउतार झाले. त्यांचा सूर असा होता की आता विश्वासच उरला नाही. मध्यस्थाकडे शब्दाशिवाय दुसरं भांडवल नसतं. मला विचाराल तर तुमच्या धाग्याचा खरा नायक डनलॉप.

दर्यावर्दी (वास्को)

खाजनसर, डनलॉप यांच्याबद्दल पहिल्यांदाच वाचलं. आमच्या बंदरात जुने संघटनावाले नेमकं हेच म्हणायचे, साहेब कडक असला तरी चालेल, फिरणारा नको.

मांडवीकाठ

खाजनसर, १९७१ चा मुद्दा मी खोडून काढत नाही. धाग्याच्या सुरुवातीला 'धडा सोडून वागले' म्हटलं ते मुख्यतः याच्याबद्दल. तत्त्व मोडलं जात असताना ते राहिले, आणि त्याची किंमत देशाने भरली.

पण राहिल्यामुळे जे झालं तेही ताळेबंदात धरा. दोन प्रसंग सांगतो.

पहिला १९७० चा. दक्षिणेतल्या राज्यांत गोऱ्या-काळ्यांच्या शाळा एकत्र करायचा न्यायालयाचा आदेश होता, शाळा उघडायच्या होत्या आणि रक्तपात होईल अशी भीती होती. शुल्ट्झ यांनी एकेका राज्यातल्या गोऱ्या आणि काळ्या पुढाऱ्यांची समिती करून त्यांना व्हाइट हाउसमध्ये बोलावलं. मिसिसिपीचे लोक आधी आले. सकाळभर त्यांना भांडू दिलं, अडवलं नाही. मन मोकळं होईपर्यंत बोलू द्यायचं, ही संपातली जुनी रीत. मग ॲटर्नी जनरल मिचेल यांना आत आणून सगळ्यांसमोर एकच प्रश्न विचारला : कायदा राबवणार का? राबवणार, म्हणाले मिचेल. दक्षिणेतले गोरे त्यांना आपला माणूस समजत, म्हणून त्यांच्याच तोंडून ते यायला हवं होतं. 'होणार की नाही' हा वाद तिथे मिटला, उरलं ते 'कसं होणार'. जेवणानंतर हेच लोक पोरांच्या सुरक्षेबद्दल बोलू लागले. शाळा बऱ्याच अंशी शांततेत उघडल्या.

दुसरा सप्टेंबर १९७२ चा, ते अर्थमंत्री असतानाचा. व्हाइट हाउसमधून जॉन डीन यांनी प्राप्तिकर आयुक्त जॉनी वॉल्टर्स यांच्या हातात विरोधकांची शेकडो नावांची यादी दिली, यांच्यामागे करखातं लावा म्हणून. वॉल्टर्स ती घेऊन शुल्ट्झ यांच्याकडे आले. शुल्ट्झ म्हणाले, काहीही करू नका. यादी तिजोरीत गेली आणि पुढे अमेरिकी काँग्रेसच्या (संसदेच्या) चौकशीत बाहेर आली. निक्सन संतापले, ते व्हाइट हाउसच्या ध्वनिफितींत आहे. त्या दिवशी शुल्ट्झ यांनी आधीच राजीनामा दिलेला असता तर त्या खुर्चीत कोण असतं?

कुठल्या मुद्द्यावर सोडायचं आणि कुठल्यावर चिकटून राहायचं याचं एकच सूत्र नाही, असं मला वाटतं. डनलॉप यांचं जाणं बरोबर होतं आणि शुल्ट्झ यांचं १९७२ मध्ये खुर्चीत असणंही.

तिसवाडीकर

परराष्ट्रमंत्री म्हणून त्यांच्यावर दोन वाक्यांत बोळवण नको. १९८२ ते १९८९, साडेसहा वर्षं. रेगन यांच्या आसपासचे कित्येक जण सोव्हिएतशी बोलूच नका म्हणणारे होते. शुल्ट्झ बोलत राहिले, जिनिव्हा आणि रेक्याविकच्या शिखर भेटी, आणि डिसेंबर १९८७ ला करार. मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रं नुसती कमी नाही केली, तो प्रकारच संपवला. इराणला छुपी शस्त्रं विकण्याला त्यांनी विरोध केला हेही नोंदीत आहे, मात्र तो आतल्या आत राहिला आणि व्यवहार थांबला नाही. मध्य अमेरिकेत निकाराग्वाच्या डाव्या सरकारविरुद्ध लढणाऱ्या काँत्रा बंडखोरांना त्यांचा पाठिंबा होता, ते मला कधीच पटलेलं नाही.

आणि उतारवयातलं थेरानॉस? रक्ताच्या थेंबावर सगळ्या चाचण्या करू म्हणणारी ती कंपनी. शुल्ट्झ तिच्या संचालक मंडळावर. त्यांचा नातू टायलर तिथे प्रयोगशाळेत कामाला होता, त्याने स्वतः बघितलं की यंत्रं चालत नाहीत, येऊन आजोबांना सांगितलं. आजोबांनी नातवाऐवजी कंपनीच्या मालकिणीवर विश्वास ठेवला. नातू खरा ठरला.

आबोली_डिचोली

म्हणजे कामावर असलेल्या माणसाने सांगितलेलं त्यांनी ऐकलं नाही. ज्या माणसाने आर्मरच्या कामगारांचं ऐकून अख्खी पद्धत बदलली त्याने.

मांडवीकाठ

हो ताई. त्यांच्या आयुष्यातली मला सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट तीच. डिसेंबर २०२० मध्ये शंभर वर्षं पूर्ण झाली तेव्हा त्यांनी विश्वास या विषयावर लेख लिहिला होता, फेब्रुवारी २०२१ मध्ये गेले. विश्वास खालच्या माणसावरही ठेवावा लागतो, त्याच्यावर आधी ठेवावा लागतो.

आबोली_डिचोली

एक विनंती. २०२२ च्या अखेरीस लिलाव झाले, आता काही ठिकाणी काम पुन्हा सुरू होतंय. नवा मालक, नवे ठेकेदार, जुन्या माणसांना घेतीलच असं नाही. आर्मरच्या करारात नेमकं काय होतं ते आम्हाला मुद्द्यांनी सांगाल का? आमच्याकडे बैठकीत मांडायचं आहे.

मांडवीकाठ

सांगतो. बंद करायचं असेल तर ९० दिवस आधी लेखी सूचना. दुसऱ्या कारखान्यात जागा असेल तर बाहेरची भरती करण्याआधी या कामगारांना बदलीची संधी. बदलीची वाट बघण्याच्या काळात ठरावीक साप्ताहिक रक्कम. आणि हे सगळं बघायला समिती, जिच्यात संघटनेचा आणि कंपनीचा माणूस समोरासमोर आणि मध्ये तटस्थ. निधीचा खर्च या समितीच्या हातात.

आपल्याकडे औद्योगिक विवाद कायद्यात १०० किंवा जास्त कामगारांच्या कारखान्याला किंवा खाणीला बंद करण्यापूर्वी ९० दिवस आधी अर्ज करून परवानगी घ्यायची तरतूद होती, २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत ती मर्यादा ३०० वर नेली. कागदावर आपण आर्मरच्याही पुढे होतो. पण ठेकेदाराकडच्या माणसाला आणि ट्रकमालकाला यातलं काहीच लागू होत नाही, आणि खाणपट्ट्यात जास्त माणसं तीच. म्हणून तुमच्या बैठकीत पहिली मागणी जुन्या माणसांना अग्रक्रमाची ठेवा, आणि ती ठेकेदारालाही बांधील राहील असं लेखी मागा.

दर्यावर्दी (वास्को)

त्यात भर. अग्रक्रम मागायचा तर 'जुना माणूस कोण' याचा पुरावा लागतो, आणि गोदीतला आमचा अनुभव असा की नोंदणी ज्याची त्याचाच हक्क टिकतो. ठेकेदार बदलला की हजेरीपट गायब होतात. म्हणून आत्ताच पगाराच्या चिठ्ठ्या, पीएफ नंबर, गेटपास, ट्रकच्या फेऱ्यांच्या पावत्या, ज्याच्याकडे जे असेल त्याची झेरॉक्स काढून गावनिहाय यादी करा. बार्जवाल्यांची यादी आम्ही इकडून करू शकतो, माझ्या ओळखीचे खलाशी अजून आहेत.

खाजन

यादीचा तक्ता कसा करायचा ते मी लिहून पाठवतो. वय, काम, किती वर्षं, आणि २०१८ नंतर काय केलं, हे चार रकाने नक्की ठेवा. शेवटचा रकाना कुणी विचारलेला नाही.

आबोली_डिचोली

सगळ्यांचे आभार. रविवारी ट्रकमालकांची बैठक आहे, तिथूनच सुरू करते. नवऱ्याचे गेटपास सापडलेत, भावाच्या फेऱ्यांच्या पावत्या वहिनीने जपून ठेवल्यात. खाजनसर, तक्ता शनिवारपर्यंत मिळाला तर बरं होईल.